‘स्पेल’ : एका इंग्रजी शब्दाचे कुळ आणि गोमती नगरातील एक नाव

इंग्रजी शिकू लागलेल्या मराठी मुलाच्या कानावर पहिल्या काही दिवसांतच जो शब्द पडतो आणि पुढे अर्जविनंत्यांपासून लग्नपत्रिकेपर्यंत ज्याची भीती त्याचा पिच्छा सोडीत नाही, तो शब्द म्हणजे ‘स्पेलिंग’. या शब्दाला मराठीत घराघरांत रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘शुद्धलेखन’ आहे, पण त्याचा रोख नियमांकडे. ‘वर्णलेखन’ आहे, पण ते ग्रंथांतच राहिले. हे आपल्या भाषेचे दारिद्र्य समजू नये. देवनागरीत अक्षराचे नाव आणि अक्षराचा उच्चार हे एकच असल्यामुळे ‘कमळ’ शब्द उच्चारला की तो लिहून झाल्यासारखाच असतो. त्याची अक्षरे वेगळ्या नावांनी पुकारून पाठ करण्याचे प्रयोजनच आपल्या पंतोजींना कधी पडले नाही. तरीही ज्या ‘स्पेल’ या क्रियापदापासून हे नाम झाले, त्याच्या कुळाची चौकशी केली म्हणजे ध्यानात येते की, ज्याला आपण कारकुनी काटेकोरपणा समजतो त्याचा उगम लेखणीत नसून जिव्हेत आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे नॉर्मन स्वारीच्या पूर्वीच्या भाषेत, ‘स्पेल’ हे नाम कथा, भाषण, वार्ता या अर्थांनी चालत असे आणि ‘स्पेलियन’ म्हणजे बोलणे, कथन करणे. अक्षरांचा त्यात कोठेही संबंध नव्हता. याच जर्मानिक धातूची एक शाखा फ्रँक लोकांच्या बोलीतून फ्रान्समध्ये गेली, तेथे तिने ‘एस्पेलेर’ असे फ्रेंच रूप धारण केले, ‘उलगडून सांगणे, अर्थ लावणे’ असा काहीसा नवा आशय घेतला, आणि १०६६च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंच ही इंग्लंडच्या दरबाराची व कचेऱ्यांची भाषा झाल्यावर, सासरचे नाव लावून माहेरी परतलेल्या मुलीप्रमाणे ती पुन्हा इंग्रजीत आली. चौदाव्या शतकाच्या सुमारास तिचा अर्थ ‘एकेक अक्षर लावीत कष्टाने वाचणे’ असा होता. अक्षरे क्रमाने सांगून किंवा मांडून शब्द सिद्ध करणे हा आज शाळेत प्रचलित असलेला अर्थ त्यातूनच पुढे निघाला. म्हणजे कथन, मग उलगडा, मग अक्षरवाचन आणि सरतेशेवटी अक्षरलेखन, अशा पायऱ्यांनी हा शब्द मुखातून कागदावर उतरला आहे.

त्याच्या भावंडांपैकी एक जर्मन भाषेत आजही नांदत आहे. ‘उदाहरण’ या अर्थाचा जर्मन शब्द ‘बाइश्पील’ याचे जुने रूप ‘बीस्पेल’, म्हणजे मूळ प्रतिपादनाच्या जोडीने सांगितलेली गोष्ट. महानुभावांच्या वाङ्मयातील दृष्टांत ज्याने वाचले आहेत त्या मराठी वाचकाला हा अर्थविकास निराळा समजावून सांगण्याची गरज नाही. दुसरे भावंड मात्र फारच प्रसिद्ध आहे, आणि त्याची हकीकत ऱ्हस्वदीर्घाला क्षुद्र समजणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. ख्रिस्ताच्या शुभवर्तमानाला ग्रीक भाषेत जे नाव होते त्याचा अर्थ ‘चांगली वार्ता’. जुन्या इंग्रजीत त्याचे शब्दशः भाषांतर ‘गोऽडस्पेल’ असे झाले. त्यातील पहिला स्वर दीर्घ, आणि दीर्घ ‘गोऽड’ म्हणजे चांगले. परंतु तत्कालीन लेखनात स्वराचे दीर्घत्व नेहमी दाखविले जात नसे. ऱ्हस्व स्वराचा ‘गॉड’ म्हणजे देव. उच्चारात तो दीर्घ स्वर पुढे ऱ्हस्व झाला, वाचणाऱ्यांनी ‘चांगली वार्ता’ याऐवजी ‘देवाची वार्ता’ असे समजून घेतले, आणि इंग्लंडातून जे धर्मोपदेशक जर्मनीकडे व आइसलँडकडे गेले त्यांच्याबरोबर हा नवा समज तेथील भाषांतही गेला. आइसलँडच्या भाषेत या ग्रंथाच्या नावात आजही ‘देव’च बसलेला आहे. एका मात्रेच्या आखूडपणामुळे एका धर्मग्रंथाच्या नावाचा अर्थ अनेक देशांत पालटला. आपल्याकडे ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’, ‘पाणि’ आणि ‘पाणी’ यांतील भेद शिक्षक जीव तोडून शिकवीत असतात, ते व्यर्थ नव्हे.

‘स्पेल’चा आणखी एक अर्थ सर्वश्रुत आहे : मंत्र, जादू, मोहिनी. तो वेगळ्या शब्दाचा नसून त्याच जुन्या ‘कथना’चा आहे. चॉसरच्या चौदाव्या शतकातील एका कथाकाव्यात रात्रीच्या भुताखेतांपासून रक्षण करण्यासाठी म्हणावयाच्या मंत्राला ‘नाइटस्पेल’ म्हटले आहे. नुसता ‘स्पेल’ शब्द जादूच्या मंत्राला लावण्याचा प्रघात सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडला. बोललेला शब्द परिणामकारी असतो, विवक्षित क्रमाने व विवक्षित उच्चाराने बोलला तर तो वस्तुजातावर सत्ता चालवितो, ही श्रद्धा त्यामागे आहे. ज्या समाजात अक्षर ओळखणारे थोडे, तेथे अक्षरविद्या आणि मंत्रविद्या यांची सरमिसळ होणे स्वाभाविकच होते. ‘ग्रामर’ म्हणजे व्याकरण. स्कॉटलंडच्या बोलीत त्याच शब्दाचे रूपांतर ‘ग्लॅमर’ असे झाले, त्याचा अर्थ जादूटोणा असा राहिला, आणि सर वॉल्टर स्कॉट यांच्या लेखनामुळे तो सर्वत्र प्रसृत झाला. आज चित्रपटनट्यांच्या सौंदर्याला लावला जाणारा हा शब्द मुळात व्याकरणाचा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

आपल्या परंपरेला तर हा संबंध उपराही नाही आणि भीतीचाही नाही. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी, व्याकरण का शिकावे हे सांगताना, वृत्राच्या जन्माचा दाखला दिला आहे. इंद्राचा वध करणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याच्या यज्ञात ‘इन्द्रशत्रु’ असा शब्द योजून आहुती दिली गेली. परंतु ज्या अक्षरावर उदात्त स्वर हवा होता त्यावर तो न पडता पहिल्या पदावर पडला, समास पालटला, ‘इंद्राचा शत्रू’ याऐवजी ‘इंद्र ज्याचा शत्रू आहे असा’ एवढाच अर्थ उरला आणि जन्मलेला वृत्र इंद्राच्याच हातून मेला. चुकीच्या वर्णस्वराने मंत्र उलटतो याचे याहून ठाशीव उदाहरण इंग्रजी ‘स्पेल’च्या सर्व इतिहासात मला आढळलेले नाही. आणि वर्ण सुटे करणे हीच उपासना होऊ शकते याचे उदाहरण हवे असेल तर ते मराठी वाचकाच्या घरातच आहे. ओंकाराचे अकार, उकार व मकार असे तीन घटक मांडूक्य उपनिषदाने वेगळे केले, आणि इ. स. १२९०च्या ज्ञानेश्वरीत आरंभीच्या मंगलाचरणात ज्ञानदेवांनी त्या तीन मात्रांत गणेशाचे अवयव पाहिले. इंग्रजीत ज्या क्रियेला ‘स्पेल’ करणे म्हणतात तीच ही क्रिया. फक्त येथे ती नमनाच्या ठिकाणी आलेली आहे. पूर्वीच्या शाळांत धुळाक्षरे ‘ओ ना मा सीधं’ या घोषाने सुरू होत, आणि ‘क ला काना का, पहिली वेलांटी कि, दुसरी वेलांटी की’ अशी बाराखडी मुले सुरात म्हणत, तीही मुखानेच केलेली अक्षरजोडणी होती.

गोमती नगर ज्या शहरात आहे त्या लखनौमध्ये अशा अक्षरजोडणीसाठी एक जुना, सुंदर शब्द बोलीत आहे : ‘हिज्जे’. मकतबात मौलवीसाहेबांपुढे बसलेला मुलगा ‘बे अलिफ बा’ असे म्हणत अक्षरे जोडी, त्याला ‘हिज्जे करना’ म्हणत. आणि आजही वयोवृद्ध लखनवी माणूस एखाद्या नावाचे लेखन विचारताना ‘इसके हिज्जे क्या हैं’ असेच विचारतो. हा शब्द अरबी ‘हिजा’पासून आला, अरबी वर्णमालेलाही ‘हुरूफे हिजा’ म्हणतात. विस्मयाची गोष्ट अशी की, त्याच अरबी धातूखाली ‘हजो’, म्हणजे निंदाकाव्य, हाही अर्थ नोंदलेला आहे. एकाच रूपाच्या पोटी अक्षरे लावणे आणि शब्दांनी माणसाला घायाळ करणे, हे दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजी ‘स्पेल’मध्ये अक्षरे आणि मंत्र नांदतात तसेच. उर्दूतील ‘हजो’चा सर्वांत समर्थ कवी मिर्झा मुहम्मद रफी ‘सौदा’ हा दिल्लीचा उस्ताद आयुष्याच्या उत्तरकाळी अवधच्या नबाबांच्या आश्रयाला आला आणि १७८१मध्ये लखनौमध्येच वारला, हा योगही येथे नमूद करण्याजोगा वाटतो.

‘स्पेल’चा तिसरा अर्थ, काही काळाचा किंवा पाळीचा, हा मात्र निराळ्या घराण्यातला आहे. जुन्या इंग्रजीत ‘स्पेलियन’ असेच उच्चारात जवळचे, पण ‘दुसऱ्याच्या जागी उभे राहणे’ या अर्थाचे दुसरे एक क्रियापद होते. त्यावरून एकाने काम थांबवून दुसऱ्याने हाती घेणे, मग कामाची पाळी, मग कोणताही थोडा कालावधी, अशी ही परंपरा चालत आली. मराठी क्रिकेट समालोचनात ‘गोलंदाजाचा पहिला स्पेल’ म्हणतात तो हाच. गोमती नगरच्या विस्तारित भागातील एकाना मैदानावर २९ ऑक्टोबर २०२३ रोजी विश्वचषकात भारताने इंग्लंडला १२९ धावांत गुंडाळून शंभर धावांनी हरविले, त्या दिवशी महंमद शमीने बावीस धावांत चार बळी घेतले. तो स्पेल अक्षरांचाही नव्हता आणि मंत्राचाही नव्हता, व्युत्पत्तीच्या दृष्टीने तो निव्वळ पाळीचा होता.

आता इंग्रजी स्पेलिंग इतके दुर्घट का झाले, याचा खुलासा दोन वाक्यांत देता येईल. विल्यम कॅक्स्टनने १४७६मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला त्यानंतर लेखन हळूहळू गोठत गेले, पण इंग्रजी दीर्घ स्वरांचे उच्चार त्याच शतकांत पालटत राहिले. परिणामी लेखन जुन्या उच्चाराचे आणि बोलणे नव्या उच्चाराचे, अशी फारकत झाली, आणि सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५च्या कोशाने त्या फारकतीवर मोहोर उठविली. हे त्यांचे दुखणे आहे. आपल्याला त्रास होतो तो हे दुखणे अंगी असलेल्या लिपीतून आपली नावे गाळून घेतल्यामुळे.

सर विल्यम विल्सन हंटर यांनी हिंदुस्थानातील विशेषनामे रोमन लिपीत कशी लिहावीत याची पद्धती घालून देणारे पुस्तक १८७१मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी दीर्घ ‘आ’साठी ‘ए’ या रोमन अक्षरावर खूण करण्याची तरतूद केली होती. पद्धती शहाणपणाची होती. परंतु लखनौ, कलकत्ता यांसारख्या रूढ झालेल्या नावांना तिच्यातून वगळले गेले, नाहीतर लखनौचे रोमन रूप आजच्याहून निराळे दिसले असते. आणि जेथे ती लागू झाली तेथेही सरकारी दप्तरांत, टपालात व पुढे टंकयंत्रावर ती खूण गळून पडली. खूण गळली आणि ‘अ’ व ‘आ’ यांतील भेद रोमन लिपीत कायमचा बुडाला. ज्यांनी लखनौच्या मॅरिस कॉलेजची, १९२६मध्ये पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या त्या संगीतविद्यालयाची, धुरा अनेक वर्षे वाहिली त्या श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांचे आडनाव नुसत्या रोमन लिपीवरून वाचणारा ‘रतनजंकर’ म्हणाला, तर त्यात त्या बिचाऱ्याचा काय दोष?

देवनागरीचेही सर्व प्रश्न सुटलेले आहेत असे मात्र नाही, आणि ते सोडविण्याचा एक प्रयोग याच लखनौ शहरात झाला. संयुक्त प्रांताच्या सरकारने आचार्य नरेंद्र देव यांच्या अध्यक्षतेखाली लिपिसुधारणेची समिती नेमली होती. सावरकर प्रभृतींनी पुरस्कारिलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे सर्व स्वर ‘अ’लाच मात्रा लावून लिहिण्याची योजना, त्या समितीला मान्य झाली नाही. पुढे १९५३मध्ये डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली लखनौला परिषद भरली आणि तिने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडून काढून उजवीकडे, आखूड दांडीने लिहावी असा निर्णय केला. हेतू यंत्राच्या सोयीचा होता. परंतु उजवीकडची आखूड वेलांटी आणि उजवीकडचीच दीर्घ वेलांटी यांत डोळ्याला भेद करता येईना, आणि तो निर्णय काही वर्षांतच मागे घ्यावा लागला. बोलण्यात ऐकू येणारा भेद लेखनात दिसेनासा झाला की लोक ते लेखन स्वीकारीत नाहीत, एवढे या प्रयोगाने सिद्ध केले.

गोमतीच्या काठी लखनौ विकास प्राधिकरणाने जे विस्तीर्ण उपनगर वसविले त्या गोमती नगरात फिरणाऱ्या मराठी माणसाच्या नजरेत पाट्या भरतात. येथील बहुतेक विभागांची नावे ‘वि’ या उपसर्गाने आरंभ होणारी आहेत : विनय खंड, विपुल खंड, विराम खंड, विशाल खंड, विवेक खंड, विभूति खंड. शेवटच्या नावातील ऱ्हस्व ‘ति’ मराठी डोळ्याला खटकतो, कारण १९६२मध्ये शासनमान्य झालेल्या साहित्य महामंडळाच्या नियमांनी अंत्य इकार आपण दीर्घ केला आहे आणि आपण ‘विभूती’ लिहितो; पण समासाच्या पूर्वपदी तो आपल्याकडेही ऱ्हस्वच राहतो, तेव्हा ‘विभूतिखंड’ असे जोडून लिहिले तर तंटा उरत नाही. पाटीवर हिंदीत ‘हज़रतगंज’ला खाली नुक्ता द्यावा लागतो, मराठी माणूस नुक्त्यावाचून ‘हजरत’ लिहितो आणि तरी बरोबर उच्चारतो, कारण दंत्य ‘ज’ त्याच्या कानातच आहे. उलट ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन निरनिराळे उच्चार आपली लिपी एकाच रूपात लिहिते. प्रत्येक लिपी कोठेतरी उणी असते.

याच उपनगरात डॉ. आंबेडकरांचे ते भव्य, गुलाबी छटेच्या दगडांनी बांधलेले स्मारक आहे, जे २००८मध्ये लोकांना खुले झाले. त्याच्या हिंदी नावात ‘अम्बेडकर’ असे लिहिण्याचा परिपाठ होता, आणि तोच साऱ्या उत्तर प्रदेशाचा होता. या लेखनात मराठी लेखनाहून दोन भेद आहेत व ते एकाच तोलाचे नाहीत. ‘म्’ जोडावा की अनुस्वार द्यावा, हा केवळ शिरस्त्याचा प्रश्न, उच्चार एकच. पण ‘आ’चा ‘अ’ होणे हा उच्चारालाच धक्का आहे. तो कोठून आला याचे कारण शोधण्यास फार दूर जावे लागत नाही : मराठी नाव रोमन लिपीत गेले, तेथे खुणेवाचूनचे ‘ए’ झाले, आणि तेथून हिंदीत उतरताना ‘अ’ होऊन बसले. रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे हे ज्या कुळाचे गाव, आणि ज्याचे आडनाव साताऱ्याच्या शाळेत आंबेडकर नावाच्या शिक्षकांच्या मायेमुळे तसे झाले अशी हकीकत चरित्रग्रंथांत येते, त्या पुरुषाच्या नावाचा पहिलाच स्वर देवनागरीतून देवनागरीत जाताना हरवावा, ही साधी गोष्ट नव्हे.

हे ज्याच्या कानाला टोचले तो मराठी माणूस त्या वेळी लखनौच्या राजभवनात होता. सांगली जिल्ह्यात वाढलेले आणि मुंबईतून अनेक वेळा लोकसभेवर निवडून गेलेले राम नाईक जुलै २०१४ ते जुलै २०१९ या काळात उत्तर प्रदेशाचे राज्यपाल होते. त्यांनी पत्रव्यवहार केला, आंबेडकरांचे नाव असलेल्या विद्यापीठापासून सरकारी नोंदींपर्यंत प्रश्न उपस्थित केला, आणि संविधानाच्या हिंदी प्रतीवर ‘भीमराव रामजी आंबेडकर’ अशी स्वाक्षरी आहे, हा पुरावा रुजू केला. मार्च २०१८ मध्ये राज्य सरकारने सर्व खात्यांना हुकूम काढला की, अभिलेखांत ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ असेच लिहावे. रोमन लेखनात काहीच पालटले नाही. पालटले ते देवनागरी. ‘रामजी’ या पितृनामाच्या समावेशावरून राजकीय वाद माजला व विरोधी पक्षांनी त्यात हेतू पाहिला. त्या वादाची मीमांसा येथे करावयाची नाही. महाराष्ट्रात स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी नोंद करण्याची चाल आहे, एवढे सांगणे पुरे. परंतु ‘अ’च्या जागी ‘आ’ आला, हा भाग निखालस न्यायाचा झाला, असे माझे मत आहे. बाबासाहेबांना लोक ज्या नावाने हाक मारीत ते नाव लिपीने जसेच्या तसे परत केले.

‘स्पेल’ हा शब्द प्रथम बोलण्याचा होता आणि मागाहून लिहिण्याचा झाला, हा इतिहास लक्षात घेतला तर विशेषनामांच्या बाबतीत तरी क्रम तोच असावयास हवा : आधी उच्चार, मग अक्षर. महाराष्ट्राबाहेर राहणारी लक्षावधी मराठी कुटुंबे आज आपल्या मुलांची नावे शाळेच्या दाखल्यावर, आधारपत्रावर व शिधापत्रिकेवर प्रथम रोमन लिपीत नोंदवितात, आणि त्यावरून यंत्र किंवा कारकून हिंदी रूप तयार करतो. मग ‘काळे’चे ‘काले’ होतात आणि ‘साठे’चे ‘सठे’. माझी अशा प्रत्येक कुटुंबाला विनंती आहे की, अर्जावर देवनागरीचा रकाना रिकामा सोडू नये, तो स्वहस्ते, मराठी लेखनाप्रमाणे भरावा, ‘ळ’ असेल तेथे ‘ळ’च लिहावा, आणि तयार झालेला दाखला हाती घेतल्यावर त्याच खिडकीशी उभे राहून एकदा मोठ्याने वाचून पाहावा.